नियम तोच, वाचायची पद्धत वेगळी : मराठी शब्द आणि रेग्युलर एक्स्प्रेशन



‘दोन अक्षरी शब्द शोधा.’ ‘काना, मात्रा, वेलांटी नसलेले शब्द लिहा.’ ‘शेवटी ळ येणारे पाच शब्द सांगा.’ पहिली-दुसरीच्या वर्गात अशा सूचना आपण रोज देतो. मुलं पुस्तकाची पानं पालथी घालतात आणि शब्द काढून आणतात. या सूचनांमध्ये आपण शब्दाचा अर्थ विचारत नाही, शब्दाचं रूप कसं हवं एवढंच सांगतो.

कॉम्प्युटरला हीच सूचना द्यायची असेल तर त्यासाठी चिन्हांची एक छोटी भाषा आहे. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मी या लेखात सोयीसाठी ‘नमुना’ हा शब्द वापरणार आहे. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते नमुना कसा लिहायचा याबद्दल थोडं, आणि लिहिलेला नमुना कॉम्प्युटरने कसा वाचायचा हे आपण कसं ठरवायचं याबद्दल जास्त. कारण मराठीचं घोडं नेमकं तिथेच अडतं. आणि ते अडलं की त्रास आपल्या मुलांना होतो.

मी नाशिकला प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. केलं तेव्हा यातलं काहीच अभ्यासक्रमात नव्हतं. पायथन नावाची स्क्रिप्टिंग भाषा मी नंतर संध्याकाळी घरी बसून शिकले, तीही एका साध्या कारणासाठी. मला वर्गासाठी शब्दांच्या याद्या हव्या होत्या. त्यामुळे इंजिनिअर नसलेल्यांनीही बिनधास्त वाचा.

थोडी पूर्वपीठिका

अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लीन यांनी १९५१ साली मज्जापेशींच्या जाळ्याचा गणिती विचार करताना या कल्पनेची मांडणी केली. ‘कितीही वेळा’ या अर्थाने नमुन्यात जी चांदणी ( * ) वापरतात, तिला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. १९६८ साली केन थॉम्पसन यांनी मजकुरात शब्द शोधण्यासाठी ही कल्पना कॉम्प्युटरवर कशी वापरायची ते दाखवलं. पुढे १९८७ मध्ये पर्ल आणि १९९१ मध्ये पायथन या भाषा आल्या आणि नमुने सगळीकडे पसरले.

नमुन्यासोबत काही छोटे हुकूम देता येतात, त्यांना फ्लॅग म्हणतात. नमुना सांगतो काय शोधायचं, आणि फ्लॅग सांगतो कसं शोधायचं. ‘नियम कसा लावायचा याचाही नियम’ ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रं आहेत, त्यांतली काही परिभाषा सूत्रं आहेत. ती शब्द तयार करत नाहीत, बाकीची सूत्रं कशी लावायची ते सांगतात. फ्लॅगचं कामही असंच.

(पायथनमध्ये ही सगळी नावं इंग्रजीत लिहायची असतात. इथे मी त्यांचे उच्चार देते आहे.)

पहिला फ्लॅग : ओळ म्हणजे काय?

वाचायला नुकतंच शिकणाऱ्या मुलांना आधी बिनकान्यामात्रेचे शब्द लागतात : कमळ, नगर, गवत, बदक. माझ्याकडे एक मोठी शब्दयादी होती, एका ओळीवर एक शब्द अशी. त्यातून तीन अक्षरी साधे शब्द काढायचा नमुना असा :

^[क-ह][क-ह][क-ह]$

^ म्हणजे सुरुवात, $ म्हणजे शेवट, आणि चौकटी कंसात ‘क पासून ह पर्यंतचं कोणतंही एक चिन्ह’. तुम्ही लगेच विचाराल, ‘अहो, पण ळ राहिला की! वर्णमालेत तो ह नंतर येतो.’ बरोबर. पण युनिकोडच्या यादीत ळ ला ल आणि व यांच्या मधे जागा दिली आहे. म्हणून ‘कमळ’ सापडतं. क्ष आणि ज्ञ मात्र या यादीत स्वतंत्र नाहीतच. क्ष म्हणजे क, हलन्ताचं चिन्ह आणि ष, अशी तीन चिन्हं.

आता गंमत पाहा. हा नमुना पूर्ण यादीवर चालवला तर एकही शब्द मिळत नाही. कारण पायथन ^ चा अर्थ ‘पूर्ण मजकुराची सुरुवात’ आणि $ चा अर्थ ‘पूर्ण मजकुराचा शेवट’ असा घेतं. सबंध फाइल म्हणजे तीन अक्षरं, अशी फाइल कुठून असणार? ‘मल्टिलाइन’ हा फ्लॅग दिला की सुरुवात आणि शेवट प्रत्येक ओळीला लागू होतात. मग कमळ, नगर, गवत, बदक सगळे रांगेत येतात. काका आणि चिमणी बाजूला राहतात. नमुन्यात काडीचाही बदल झालेला नाही.

याच जातीचा दुसरा फ्लॅग ‘डॉटऑल’. नमुन्यात टिंब ( . ) म्हणजे ‘कोणतंही एक चिन्ह’, पण नेहमीच्या वाचनात ओळ संपल्याची खूण त्याला चालत नाही. डॉटऑल दिला की तीही चालते. परिच्छेद एकाहून जास्त ओळींचा असेल तेव्हा हा लागतो.

आणि शिक्षकांना आवडेल असा फ्लॅग म्हणजे ‘व्हर्बोज’. तो दिला की नमुना ऐसपैस, अनेक ओळींत लिहिता येतो आणि # नंतर टीपही लिहिता येते, अगदी मराठीत : ‘इथे व्यंजन’, ‘इथे काना असला तर’. फळ्यावर गणित सोडवताना आपण बाजूला कारण लिहितो ना, तसंच. सहा महिन्यांनी तो नमुना उघडला तर स्वतःलाही समजतो.

हावरा की समाधानी?

गोष्टीतले संवाद मुलांना नाट्यवाचनासाठी वेगळे काढून द्यायचे आहेत. मजकूर असा :

“चला,” आई म्हणाली. “उशीर होतोय.”

अवतरणातलं सगळं काढा, असा नमुना होतो : “.*”

याने दोन संवाद मिळतील असं वाटतं, पण मिळतो एकच मोठा तुकडा, ‘आई म्हणाली’ सकट. कारण चांदणी स्वभावाने हावरी असते. जितकं घेता येईल तितकं घेते आणि शेवटच्या अवतरणापाशीच थांबते. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं, “.*?” असं, की ती समाधानी होते. पहिलं बंद अवतरण दिसलं की थांबते. मग ‘चला’ वेगळं आणि ‘उशीर होतोय’ वेगळं हाती येतं. पंगतीत ‘पोटभर वाढा’ आणि ‘लागेल तेवढंच वाढा’ यात जेवढा फरक, तेवढाच इथे.

लहान-मोठी लिपी आणि आपली ह्रस्व-दीर्घ

नमुन्यांच्या पुस्तकात सगळ्यात आधी जो फ्लॅग शिकवतात, तो ‘इग्नोअरकेस’. इंग्रजीतलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच समजायचं, एवढंच तो सांगतो. देवनागरीत असा भेदच नाही, म्हणून मराठी मजकुरावर तो दिला काय आणि न दिला काय, फरक शून्य.

मग मराठीला याची गरजच नाही का? आहे, पण वेगळ्या जागी. आपल्याच गावाचं नाव घ्या. कोणी नाशिक लिहितं, कोणी नासिक. दीर्घ वेलांटी देणारेही भेटतात. चार जणांनी भरलेल्या यादीत ‘नाशिक’ शोधलं तर बाकीचे गायब. ह्रस्व-दीर्घ सोडून द्या असं सांगणारा तयार फ्लॅग पायथनमध्ये नाही. तो आपणच नमुन्यात उभा करायचा :

ना(शि|शी|सि|सी)क

उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. आता चारही रूपं सापडतात.

पण प्रत्येक वेळी असं सोडून द्यायचं का? तर नाही. दिन आणि दीन, शिर आणि शीर, सुत आणि सूत हे वेगळे शब्द आहेत. यादीत मुलाचं नाव शोधत असाल तर ह्रस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करणं शहाणपणाचं. शुद्धलेखन तपासत असाल तर तेच दुर्लक्ष चुकीचं. काम कशासाठी आहे ते यंत्राला माहीत नसतं, ते आपल्याला माहीत असतं. म्हणून वाचायची पद्धत आपण ठरवायची.

डोळ्यांना एकच दिसणारी पण आतून वेगळी असलेली रूपं हा आणखी एक मराठी प्रश्न. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. काही कीबोर्डवरून तेच अक्षर ‘अ’ अधिक चंद्र असं दोन चिन्हांनी येतं. पडद्यावर सारखंच दिसतं, पण नमुन्याला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय ही नवी जागा यादीच्या शेवटी असल्यामुळे [अ-औ] एवढंच लिहिलं तर ॲ त्यात येत नाही. तो वेगळा लिहावा लागतो.

अंक कोणाचे?

मराठी माध्यमात मुलं १, २, ३ असे देवनागरी अंक शिकतात. ‘कोणताही एक अंक’ यासाठी नमुन्यात बॅकस्लॅश आणि डी हे अक्षर लिहितात. पायथन ३ मध्ये हा डी देवनागरी अंकही ओळखतो. ‘आस्की’ हा फ्लॅग दिला तर तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो. आणि वेबसाइटवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये तो कायम इंग्रजी अंकच ओळखतो. म्हणजे नमुना एकच, पण ‘४२२००१’ एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक.

पिनकोडचं उदाहरण मला वर्गासाठी फार आवडतं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी संस्कृत पंडित. सहा अंक, आणि पहिला कधी शून्य नसतो. नमुना झाला : पहिल्या जागी [१-९], पुढच्या पाच जागी [०-९]. (इंग्रजी अंकांसाठी त्या कंसात इंग्रजी अंक लिहायचे.)

इथेही ‘कसं वाचायचं’ हा प्रश्न आहेच. ‘सर्च’ म्हटलं तर दहा अंकी मोबाइल नंबरातही त्याला सहा अंक सापडतात आणि तो खूश होतो. ‘फुलमॅच’ म्हटलं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेमके सहाच हवेत.

आणि बरोबर आकार म्हणजे बरोबर माहिती नव्हे, हेही याच उदाहरणातून दाखवता येतं. नाशिक जिल्ह्याचे पिनकोड ४२२ किंवा ४२३ ने सुरू होतात. म्हणून कोणी ‘४२२ किंवा ४२३ म्हणजे नाशिक जिल्हा’ असा नमुना केला तर? संगमनेर ४२२६०५ आणि कोपरगाव ४२३६०१ हेही त्यात येऊन बसतील, आणि ती दोन्ही गावं आहेत शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात.

‘नावात फक्त अक्षरे लिहा’

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

गेल्या वर्षी एक पालक शाळा सुटताना मोबाइल घेऊन आले. मुलीचा एक ऑनलाइन अर्ज भरत होते. मुलीचं नाव आपण श्रद्धा म्हणू. मराठी नावाच्या रकान्यात तिचं नाव टाकलं की लाल अक्षरांत सूचना यायची : नावात फक्त अक्षरे लिहा. तीनदा टाकून झालं होतं. मला म्हणाले, “मॅडम, पोरीचं नावच चुकीचं लावलंय का हो आम्ही? शाळेत पण असंच आहे ना?”

श्रद्धा बाजूलाच उभी होती. दुसरीत आहे. वहीवर स्वतःचं नाव नीट जोडाक्षरासकट लिहायला ती नुकतीच शिकली होती.

मी त्याच रकान्यात दुसरी नावं टाकून पाहिली. कमल चाललं. करण चाललं. शरद चाललं. कुणाल नाही, नीलिमा नाही, आयेशा नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या नावांत काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षर काही नाही, तेवढीच चालत होती.

का, ते पाहा. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक गट दिला आहे. श, र, द, ध ही ‘अक्षर’ गटात. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही ‘मार्क’ म्हणजे जोडचिन्हांच्या गटात. आपल्या दृष्टीने ‘श्रद्धा’ हे दोन अक्षरी नाव, श्र आणि द्धा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती सात चिन्हं : श, हलन्त, र, द, हलन्त, ध, काना. त्यातली चार अक्षरं, तीन मार्क. ‘फक्त अक्षर गट घ्या’ असा नियम लिहिला की ती तीन बाहेर फेकली जातात.

हे एकाच अर्जापुरतं नाही. पायथनच्या नेहमीच्या साधनातही ‘शब्दातलं चिन्ह’ यासाठी बॅकस्लॅश आणि डब्ल्यू लिहितात, आणि त्यातही मार्क मोजले जात नाहीत. ‘श्रद्धा’ वर तो चालवला तर तीन तुकडे पडतात : श, रद, ध. ‘नाशिक’ चे होतात न, श, क. इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर, त्याला वरखाली काही लटकत नाही. तो विचार गृहीत धरून केलेली ही सोय मराठीच्या अंगाला बसत नाही.

उपाय अवघड नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून युनिकोडचा फ्लॅग आहे, आणि २०१८ पासून त्याच्या सोबतीने ‘अक्षर गट आणि मार्क गट दोन्ही घ्या’ असं स्पष्ट सांगता येतं. पायथनमध्ये आपणच कंसात चिन्हं लिहायची : चंद्रबिंदू ते विसर्ग, अ ते औ, क ते ह, काना ते हलन्त, वेगळा ॲ, उर्दू वळणाच्या नावांसाठी नुक्ता, आणि कुऱ्हाडे, गोऱ्हे यांसारख्या आडनावांत कधी कधी येणारं न दिसणारं जोडचिन्ह. एक ओळ वाढते, एवढंच. देवनागरीला युनिकोडमध्ये सलग १२८ जागा आहेत, तो पूर्ण पट्टाच घ्यावा असंही वाटेल. पण त्यात अंक आणि दंडही येतात, म्हणून नावासाठी निवडून घेतलेलं बरं.

अर्ज शेवटी इंग्रजी स्पेलिंग टाकून भरला गेला, मदतीच्या पत्त्यावर मी चार ओळींत कारण कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही. पण त्या दिवशी मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते श्रद्धाला सांगणं. मी तिच्या वहीवर तिचं नाव लिहिलं आणि म्हटलं, “तुझं नाव बरोबर आहे. त्या मशीनला अजून जोडाक्षरं शिकवली नाहीत.” ती म्हणाली, “बाई, मग तिला पहिलीत बसवा.”

कॉम्प्युटरशिवाय वर्गात कसं घ्याल?

वरचं सगळं दुसरी-तिसरीच्या मुलांना सांगायची गरज नाही. पण ‘नियम एक, वाचायच्या पद्धती अनेक’ हे त्यांना खेळातून सहज कळतं. मी असं घेते :

१. फळ्यावर वीस-पंचवीस शब्द लिहा. त्यात दिन, दीन, दान, दोन, मामा, काका, आबा, कमळ, कपाळ असे मिसळा.

२. नमुना सांगा : ‘व्यंजनाला काना, पुन्हा व्यंजनाला काना.’ मामा, काका येतील. मग विचारा, ‘आबा चालेल का?’ वाद होऊ द्या. आ हा स्वर आहे, व्यंजनाला काना नाही, हे मुलं स्वतः शोधतात.

३. आता हुकुमाची कार्डं करा. एकावर ‘ह्रस्व-दीर्घ सोडून द्या’. नमुना ‘दिन’. कार्ड खाली असताना एक शब्द मिळतो, वर केलं की दीनही उठून उभा राहतो.

४. दुसरी दोन कार्डं : ‘पूर्ण शब्द जुळला पाहिजे’ आणि ‘शब्दात कुठेही चालेल’. नमुना ‘कम’. पहिल्या कार्डाला काहीच नाही, दुसऱ्याला कमळ.

५. शेवटी प्रत्येकाने स्वतःचं नाव आपल्या दृष्टीने किती अक्षरी आणि कॉम्प्युटरच्या दृष्टीने किती चिन्हांचं ते मोजायचं. माझ्या वर्गात यावरून मधल्या सुट्टीपर्यंत स्पर्धा चालली होती.

यातून जोडाक्षर फोडणं, स्वर-व्यंजन ओळखणं, ह्रस्व-दीर्घ हे सगळं आपोआप घटवलं जातं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पुढच्या वर्गांत कोडिंगचा उल्लेख आहे. त्याची मुळं आपल्या पहिली-दुसरीच्या भाषेच्या तासात अशी रुजवता येतात, तीही लॅपटॉपशिवाय.

पालकांना एक विनंती. एखाद्या अर्जाने मुलाचं मराठी नाव नाकारलं तर नाव बदलू नका, काना-मात्रा काढून टाकू नका. जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार यांवर जे लिहिलंय तेच धरा, सूचनेचा स्क्रीनशॉट काढून शाळेत दाखवा. आणि तुमच्यापैकी कोणी, किंवा घरातला भाऊ, मुलगी, शेजारी असे अर्ज तयार करण्याच्या कामात असेल, तर रकाना सुरू करण्याआधी त्यात ‘श्रद्धा’ टाकून पाहायला सांगा. मग ‘ज्ञानेश्वरी’, ‘ॲलिस’ आणि ‘कुऱ्हाडे’ टाका. चारही चालली तर बहुतेक मराठी नावं अडणार नाहीत.

तुमच्या वर्गात हा खेळ घेतलात तर मुलांनी काढलेले नवे नमुने मला जरूर कळवा. पुढच्या लेखात पूर्ण अक्षर ओळखणारा नमुना टप्प्याटप्प्याने तयार करू.